मेलेल्या माणसाचं अपील

“आंधी बसा, मंग रडा.”

जाई आणि ईशान, आमच्या समोरच्या घरात वकीलसाहेब राहायचे. त्यांच्याकडे जो कोणी जाईल त्याला पहिल्यांदा हे वाक्य ऐकावं लागायचं. हुंदके देणारी बाई असो की तिच्यामागे उभा राहिलेला, तोंडाला दारूचा वास येणारा तिचा दीर असो, साहेब स्वतः उठायचे, आपली खुर्ची हाताने झटकायचे आणि पुढे करायचे. खोलीत दुसऱ्याही खुर्च्या होत्या. पण साक्षात वकिलाच्या खुर्चीत बसायला मिळालं की माणूस इतका बावरायचा की रडणं विसरायचा. मग साहेब उभ्यानेच सगळी हकिगत ऐकून घ्यायचे.

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर जाईने विचारलं होतं, “आजी, ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याची बाजू कोणी का घेतं?” मी म्हटलं, सवडीने सांगते. सवड काढेपर्यंत वकीलसाहेब गेले. इथल्या पेपरात चार ओळी आल्या. ज्येष्ठ विधिज्ञ, मनमिळाऊ स्वभाव, वगैरे. मनमिळाऊ तर ते मुळीच नव्हते. ही चूक कोणाला दाखवावी, असा माणूस खामगावात मला आठवेना, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. खटला ज्या कोर्टात चालला त्याचं आणि ज्या गावात सगळं घडलं त्याचंही नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत.

माझी आणि त्यांची ओळख शेजाराची, पण खरी कामातून वाढली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. अपील वरच्या कोर्टात गेलं की मराठी साक्षी इंग्रजीत करून द्याव्या लागतात. साहेब कागदांचा गठ्ठा घेऊन रस्ता ओलांडायचे आणि तुमचे आजोबा खिडकीतून बघून मला हाक मारायचे, “या बाहेर. आले तुमचे आरोपी.”

मी लिहीत असताना साहेब आमच्या बैठकीत येरझाऱ्या घालायचे. मध्येच थांबून खांद्यावरून वाचायचे.

“वहिनी, हे लय सुंदर झालं.”

“मग?”

“सुंदर नको. हा मानूस सुंदर बोलतच नाही. जज म्हनंल, कोर्टात कवी आला का काय.”

मी वाक्य खोडून साधं करायची. चांगलं इंग्रजी कोणतं, हे एम. ए. झाल्यावरही थोडं शिकायचं राहिलं होतं, ते असं शिकून झालं.

त्यांची काम करायची एक पद्धत जिल्हाभरच्या पोलिसांना माहीत होती. एखाद्या गरीब माणसाला चौकशीला म्हणून उचललं आणि कुठे नोंदच केली नाही, तर त्याच्या घरचे साहेबांकडे धावायचे. साहेब भांडायला जायचे नाहीत. ते डबा भरायचे. पोळ्या, ठेचा आणि एक कांदा. स्कूटरवरून त्या ठाण्यात जायचे, बाकावर बसायचे आणि डबा उघडायचे.

एकदा कॉलेजच्या कामाने मी अशाच एका ठाण्यावरून चालले होते, तेव्हा हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. हवालदार येऊन उभा राहिला.

“साहेब, इथं काऊन बसले?”

“जेवून राह्यलो बे. तू बी घे.”

“कोनासाठी आले?”

“भुकेसाठी.”

“साहेब, मस्करी नका करू. आतमंदी कोनी नाही.”

“मी कुठं म्हनलं कोनी हाय म्हनून? कांदा फोडून दे जरासा.”

एक एक घास ते असा चावायचे की जेवण संपेचना. येणारे-जाणारे डोकावून बघायचे. शेवटी आतला माणूस बाहेर यायचा, नाहीतर त्याचं नाव रजिस्टरवर चढायचं. त्या दिवशी परत निघताना स्कूटर सुरू होईना, तेव्हा त्याच हवालदाराने ती ढकलली, आणि आत्ताच सुटलेल्या माणसानेही मागून हात लावला. साहेब पुढे बसून सूचना देत होते. हे दृश्य मी आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, “आता आरोपीच्या पिंजऱ्यालाही चाकं लावतील हे.”

असे हे साहेब. हट्टी, तिरसट, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मोठ्या शेतकऱ्यांच्या वाटण्यांचे दावे चालवून ते पोट भरायचे आणि ज्यांच्याकडे वाटायला काही नाही त्यांचे फौजदारी खटले लढायचे. मला वाटायचं, या माणसाला हरवणं कोणाला जमणार नाही. मग शालिकचा खटला आला.

शालिक एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. कागदावर वर्षाची बोली, पण शालिकला मिसरूड फुटायच्या आधीपासून ती दर वर्षी पुढे चालत आली होती. राहायला मालकाच्या शेतातलीच खोली, बायको अनसाबाई, एक मुलगी सासरी दिलेली. एका सकाळी मालकाचा धाकटा भाऊ शेतातल्या विहिरीत मेलेला सापडला. आदल्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत शालिकच्या थोबाडीत मारली होती. मालकाने पोलिसांना सांगितलं, की उजाडताना शालिक विहिरीकडून ओल्या कपड्यांनी येताना दिसला. झालं.

विहिरीला कठडा नव्हता, धाकटा मालक अंधारात तिकडे कशाला गेला होता, हे कोणी विचारलं नाही. आणि कपडे ओले होते, कारण शालिक हरभऱ्याला पाणी देत होता. वीज रात्रीची मिळते, पाणी रात्रीच द्यावं लागतं, आणि पाणी देणारा माणूस कोरडा राहत नाही. हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावं. पण मोर्चा निघाला, दुकानं बंद राहिली आणि तिथल्या वकील मंडळींनी ठरवून टाकलं की या माणसाचं वकीलपत्र कोणीही घ्यायचं नाही. लिहून नव्हे, तोंडी. हे सांगायला दोघं जण साहेबांकडे आले तेव्हा साक्षींचा गठ्ठा परत करायला मी तिथे गेले होते.

“साहेब, सगळ्याइनं मिळून ठरवलं हाय.”

“सगळे म्हनजे किती?”

“सगळे म्हनजे सगळे जी.”

“मंग मी कोन हाय? बरं झालं, चहा पिऊन जा. मी सकाळीच वकीलपत्र टाकलं.”

चहा न पिता ते दोघं उठले. त्यानंतर वाटण्यांचे दावे एकेक करून दुसऱ्या वकिलांकडे गेले. वकिलांच्या खोलीत साहेबांच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. ते मला म्हणाले, “वहिनी, फायदाच झाला. आता कोट टांगाले जागा भेटते.”

खटला मात्र त्यांनी असा चालवला की विरुद्ध पक्षालाही ऐकत राहावं लागलं. मी काही तारखांना गेले, कारण साहेबांनी सांगितलं होतं, “अनसाबाईजवळ बसा. घाबरते ती, उठून जाते मधातच.” उलटतपासणीत त्यांनी मालकाकडून कबूल करून घेतलं की त्या रात्री पाणी द्यायला शालिकला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. हरभऱ्याचे ओळीने किती वाफे भिजले होते, मोटर कधी बंद झाली, सगळं काढून घेतलं. अनसाबाईने माझ्या हाताला घट्ट धरलं. मालक पिंजऱ्यातून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, संपलं. शालिक सुटला.

पण सगळ्या साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला स्वतःला विचारतात. अमुक साक्षीदार तुझ्याबद्दल असं सांगतो, तुला काय म्हणायचं आहे? बहुतेक आरोपी एकच उत्तर देतात, “खोटं आहे.” हे म्हटलं की विषय संपतो. साहेबांना या जागेची फार भीती वाटायची, म्हणून ते प्रत्येकाची तालीम घ्यायचे. शालिकचीही घेतली. तुरुंगातून आणल्यावर त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात बसवायचे, हाताला दोरी, दोरीचं टोक शिपायाच्या हातात.

“आता हा शिपाई तुझा मालक,” साहेब म्हणाले. “काय बे, हो ना तू मालक?”

शिपायाने छाती फुगवली. “काय रे शालक्या, विहिरीवरून ओला होऊन आलता का नाही?”

“नाही जी.”

“नाही जी नाही,” साहेब ओरडले. “खोटं हाय म्हन.”

“खोटं हाय जी.”

“जोरानं.”

“खोटं हाय!” शालिक इतक्या जोरात म्हणाला की झाडावरचे कावळे उडाले. शिपाई हसला, शालिक हसला, अनसाबाईही पदराआडून हसली. साहेब खूश झाले. शालिकला असं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

शालिकला विचारायचा दिवस आला तेव्हा मालक पहिल्या बाकावर बसले होते. आपली साक्ष झाल्यावर त्यांनी यायची गरज नव्हती, पण भावाचा खटला, येणारच. न्यायाधीश सभ्य होते. त्यांनी मराठीत, सावकाश विचारलं.

“साक्षीदार सांगतात की त्या दिवशी पहाटे तू विहिरीकडून ओल्या कपड्यांनी येत होतास. तुला काय म्हणायचं आहे?”

शालिकने न्यायाधीशांकडे पाहिलंच नाही. तो मालकाकडे बघत होता. मालकाने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. शालिकने पिंजऱ्याच्या कठड्यावरचे हात काढून घेतले आणि जोडले.

“मालक म्हनतात तं असंन जी.”

साहेब उठायला लागले आणि बसले. या प्रश्नोत्तरांत वकिलाला बोलता येत नाही.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “नीट समजून घे. साक्षीदार खरं बोलत आहेत की खोटं?”

“मालक कायले खोटं बोलतीन?”

“तू धाकट्या भावाला विहिरीत ढकललंस, असं सरकार म्हणतं. त्यावर?”

“ढकलन कसा जी? खांद्यावर बसवून त्याईले शाळंत नेलं म्या.” एवढं बोलून तो पुन्हा मालकाकडे बघायला लागला. त्याला वाटत होतं, एवढं पुरे. आता मालकच उठतील आणि सांगतील, की हो, यानेच नेलं.

मालक उठले नाहीत. टाइप करणाऱ्याने सगळी उत्तरं टाइप केली.

बाहेर आल्यावर साहेब शालिकवर चिडले नाहीत, हेच मला जास्त भयंकर वाटलं. अनसाबाई मात्र त्यांच्यावर चिडली.

“तुमी त्याईले शिपायासमोर बोलाले शिकवलं. शिपायाले कोन भेते? मालकासमोर शिकवाले पायजे होतं ना जी.”

“हो,” साहेब म्हणाले. एवढंच.

“साऱ्या जल्मात त्याईनं मालकाले एकदा बी नाही म्हनलं नाही. मले इचारलं असतं तं म्या सांगतलं असतं.”

“हो, अनसाबाई.”

निकाल जन्मठेपेचा लागला. निकालपत्रात लिहिलं होतं, की साक्षीदाराला खोटं बोलायचं कारण नाही हे आरोपीनेच मान्य केलं आहे. शालिकला गाडीकडे नेताना मालक वाटेत उभे होते. शालिक थांबला. दोरी ताणली गेली, शिपाईही थांबला.

“मालक, तांबड्या गाईचा मागचा पाय दुखते. डाक्टरले बलावजा.”

मालकाने तोंड फिरवलं. त्यांच्या मनात काय होतं हे मला माहीत नाही आणि मी ते रचून सांगणार नाही. भाऊ गेला होता, कोणीतरी दोषी असावं असं त्यांना वाटत होतं, आणि शालिक हाताशी होता.

साहेबांनी अपील केलं. साक्षींचं इंग्रजी मीच केलं आणि या वेळी त्यांनी माझं एकही वाक्य खोडायला लावलं नाही. आमच्या बैठकीत ते बसून राहायचे, फिरायचे नाहीत. मी शालिकच्या उत्तरांपाशी आले की उठून अंगणात जायचे. अपील दाखल झालं, जामीन मिळाला नाही. अनसाबाईची शेतातली खोली गेली, ती बीबी गावाला भावाकडे राहायला गेली. वर्षं गेली. मग तुरुंगातून कळलं की शालिक आजारी होता आणि दवाखान्यात नेल्यावर वारला.

इथे तुम्हाला एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी. अपील करणारा मेला की अपीलही संपतं. मात्र त्याच्या जवळच्या माणसाने महिन्याच्या आत अर्ज केला तर ते पुढे चालू ठेवता येतं. माणूस परत येत नाही, पण त्याच्या नावावरचा खुनाचा डाग पुसता येतो. साहेब मला म्हणाले, “चला बीबीले.” आम्ही एसटीने गेलो. अनसाबाई सोयाबीन काढायला गेली होती. आम्ही बांधावर उभे राहिलो आणि सोबतच्या बायका हसायला लागल्या.

“काय जी वकीलसाहेब, जित्ता होता तवा सोडवला नाही, आता मेल्यावर सोडवता?”

“हो बाई,” साहेब म्हणाले. “जित्त्याचं मले जमलं नाही.”

बायका परत कापणीला वाकल्या. अनसाबाई विळा खाली ठेवून आली.

“त्यानं काय होईन?”

“काहीच होनार नाही, अनसाबाई. फक्त कागदावर तो खुनी राह्यनार नाही.”

“मले कागद वाचता येत नाही.”

वारा सुटला होता, कापलेल्या झाडांचा खडखड आवाज येत होता. अनसाबाईने हात लुगड्याला पुसले.

“पन पोरीच्या सासरचे वाचतात,” ती म्हणाली. “भांडन झालं का तिले खुन्याची पोरगी म्हनतात. कुठं अंगठा देऊ?”

अर्ज मंजूर झाला. शालिकऐवजी अनसाबाईचं नाव लागलं. साहेबांचं ते शेवटचं काम. पुढे दारात कोणी रडत आलं तरी ते जागचे हलायचे नाहीत. “दुसरीकडं जा बाबा,” म्हणायचे, “मी लोकायले बोलतं करू शकत नाही.” मी एकदा समजावायला गेले. म्हटलं, तुम्ही इतक्या जणांना सोडवलंत. ते म्हणाले, “वहिनी, ते सारे आंधीच बोलत होते. ज्याले बोलता येत नव्हतं, असा मले एकच भेटला.” जाई, तुझ्या प्रश्नाचं जे उत्तर मी देणार होते ते आता तेवढं सोपं वाटत नाही.

शेवटी शेवटी ते दिवसभर ओसरीवर बसायचे. मी चहा पाठवायची, कप तसाच परत यायचा. एका दुपारी झोपले ते उठले नाहीत. अंत्ययात्रेला कोर्टातले बरेच जण आले. काळे कोट उन्हात उभे राहून एकमेकांशी तारखांबद्दल बोलत होते. मी अनसाबाईला भाच्याच्या फोनवर कळवलं. ती म्हणाली, “जेवले होते का जी त्या दिवशी?” मी म्हटलं, हो. खरं तर मला माहीत नव्हतं.

वरच्या कोर्टातल्या फाइलवर अजून साहेबांचंच नाव आहे. मी कोर्टाच्या वेबसाइटवर अपिलाचा नंबर टाकून बघत असते. तिथे दर वेळी एकच शब्द येतो, प्रलंबित. दोन-तीन वकिलांशी बोलले. मेलेल्या माणसाचं काम, घाई काय, असं त्यांचं म्हणणं. अनसाबाईला आता नीट दिसत नाही, पण भाच्याला सांगून ती मधूनमधून फोन लावते.

“तारीख लागली का जी?”

“नाही अजून.”

“मंग बंद झालं का?”

“नाही, बंद नाही झालं.”

“बरं,” ती म्हणते आणि फोन ठेवते.

शालिक नाही, वकीलसाहेब नाहीत. अपील अजून चालू आहे.